मी लोक नव्हते, नागू

नागू,

आधी राग काढून घेते. चांगलं काही शिल्लक राहिलं तर त्याचं नंतर बघू. जड काम आधी उरकायचं ही माझी सवय तुला माहीत आहे. त्यावरून तू मला हेडमास्तरीण म्हणायचास.

त्या दिवशी सकाळी मी धारवाडला सप्तापूरच्या घरी कुकर लावत होते आणि अक्काचा फोन आला. तुझी बहीण मला वर्षातून एकदा फोन करते, शीगी पौर्णिमेच्या, म्हणजे कोजागिरीच्या, आधी. अळणावरच्या शेतात जेवायला ये, एवढंच सांगते आणि ठेवते. पौर्णिमा अजून लांब होती.

"अनू, बसलीस काय उभी हैस?"

"उभी आहे. का हो अक्का?"

"बस. नागू वारला गे. पहाटे."

मी बसले नाही. कुठं, तुम्हाला कुणी कळवलं, खात्री केलीत का, असं विचारत सुटले. तू नाहीसा झाल्यापासून अशा बातम्या माझ्याकडे अधूनमधून येत आल्या होत्या आणि प्रत्येक वेळी मेलेला माणूस दुसराच कुणीतरी निघाला होता.

"खात्री काय करायची? माझ्यासमोर पडलाय. अमरगोळला. मार्केट यार्डाच्या गेटासमोर गोडाऊन हाय त्याचं, तिथं ये."

"त्याचं गोडाऊन?"

"ये तू आधी. आता सांगायला मी मोकळी झालो."

गॅस बंद केला, कुकर तसाच ठेवला आणि बाहेर पडले. हुबळीच्या चिगरी बसनं रायापूर मागं टाकलं, नवनगर आलं, आणि कुकरमधला भात शिजून निवायला लागला असता तेवढ्या वेळात मी हुबळीच्या वेशीवर तुझ्या दारात उभी होते. मी तुला शिलाँगपर्यंत शोधून आले होते, नागू.

हे छापून येणार आहे, म्हणून ज्यांना तू माहीत नाहीस त्यांच्यासाठी थोडं सांगते. तू अळणावरजवळच्या खेड्यातला, भात लावणाऱ्या घरातला. धारवाडला शिकायला आलास, शिकला नाहीस, गिटार वाजवायला लागलास. तुमच्या बँडचं नाव 'करंट होतु'. इकडे वीज गेली की लोक कन्नडमध्ये हेच म्हणतात, आणि तुमच्या पहिल्याच कार्यक्रमात ती खरोखर गेली होती. तानपुऱ्यापलीकडे वाद्य नाही असं मानणाऱ्या गावात तुम्ही चौघांनी विद्यापीठातल्या पोरांना वेड लावलंत. घरच्या घरी भरलेली एक कॅसेट निघाली, तिच्यात खरखर जास्त आणि गाणं कमी. मी तेव्हा पत्रकारितेत नवी होते. तुमच्यावरचा पहिला लेख मी लिहिला. दुसरा लिहायची वेळ आली तोवर आपण एकमेकांचे झालो होतो, म्हणून तो मी दुसऱ्या बातमीदाराला लिहायला लावला. नियम म्हणजे नियम. त्यावरही तू हसला होतास.

मग बेंगळूरला खऱ्या स्टुडिओत रेकॉर्डिंग ठरलं. बाकीचे तिघे पुढं गेले, तू मागून निघालास. मी तुला धारवाड स्टेशनवर सोडायला आले आणि आपण प्लॅटफॉर्मवर भांडत होतो. तू गायचास ते इंग्रजीत. माझं म्हणणं, एक तरी ओळ अशी लिही जी तुझ्या आईला कळेल. घरात जे बोलता ते गा की, अर्धं मराठी अर्धं कन्नड, शिव्यांसकट.

"त्या भाषेत म्हशी हाकतात," तू म्हणालास. "रॉक होत नाही."

"म्हशी हाकणाऱ्याच्या आवाजात जोर असतो. तुझ्या इंग्रजीत तो नाही."

गाडी हलली तेव्हा तू चिडलेला होतास आणि मीही. तुझ्यासाठी आणलेला डबा द्यायचा राहून गेला. तो मी घरी येऊन खाल्ला, कारण अन्न टाकायची मला सवय नाही. तू स्टुडिओत पोचलाच नाहीस. बँड मोडला. बाकीचे तिघे आपापल्या नोकऱ्यांना लागले आणि तुझं नाव निघालं की अजूनही विषय बदलतात. त्यांचंही वाटोळं केलंस, हे इथं नोंदवून ठेवते.

शोधायला मी निघाले ते रीतसर. जिथं जिथं कुणी गिटार वाजवतं त्या जागांची यादी केली आणि एकेक जागा खोडत गेले. बेंगळूरचे पब, पुण्यातल्या कॉलेजांचे कट्टे, ऋषिकेशचे आश्रम, मेघालय. गोव्यात किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये तुझा फोटो दाखवत फिरले, तेव्हा तू मडगावात एका साऊंडवाल्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये स्पीकर उचलत होतास. हे मला आता कळलं. किनाऱ्यावरून मडगावला बस जाते. मी त्या बसमध्ये बसलेही होते, पण मला पुढची गाडी पकडायची होती, म्हणून गावात न उतरता सरळ स्टेशनवर गेले.

या शोधावर मी लिहीत गेले. एका लेखाचे पाच झाले. मग नव्या पोरांनी ती खरखरीची कॅसेट इंटरनेटवर चढवली आणि तू गाजलास. 'नाहीसा झालेला नागू' यावर बोलायला मला कार्यक्रमांना बोलावू लागले. मी जायची. पोरं विचारायची, मॅडम, ते असतील का हो कुठं? मी म्हणायची, असेल. आणि कार्यक्रम संपला की परतीच्या बसमध्ये बसून अमरगोळच्या गेटावरून घरी यायची.

आम्ही धारवाडची माणसं हुबळीला जातो ती कापड घ्यायला, गाडी पकडायला आणि नाइलाज म्हणून. गाणं धारवाडात, धंदा हुबळीत, हे आम्हाला पाळण्यातच कानात सांगतात. दोन्ही गावांची महानगरपालिका एक झाली तरी आमच्या डोक्यातला जकातनाका उठलेला नाही. माझ्या यादीत शिलाँग होतं, हुबळी नव्हती. ही चूक धारवाडकरच करू जाणे. आणि तू धारवाडात राहिलेला, तुला ते पक्कं ठाऊक होतं. लपायला याहून चांगली जागा कुठली? मिरचीच्या पोत्यांशेजारी रॉक गायकाला कोण शोधणार!

तुला ओटीवर ठेवलं होतं. खरं सांगते, मी ओळखलं नाही. पोट सुटलेलं, केस गेलेले, नाकावर चष्म्याचे डाग. पायाशी अक्का बसली नसती तर चुकीच्या घरी आले म्हणून परत फिरले असते. मग मी तुझा डावा हात उचलून बोटांची टोकं पाहिली. लोकांना वाटलं, बाई हात धरून रडणार. मी तपासत होते. टोकं मऊ होती. वर्षानुवर्षं तू तारेला हात लावलेला नाहीस.

आतमध्ये स्पीकर छतापर्यंत रचलेले, प्रत्येकावर रंगानं 'गंगा साऊंड'. गंगा हे अक्काचं नाव. धारवाडातल्या निम्म्या मैफिलींत स्टेजच्या दोन्ही बाजूंना हेच स्पीकर असतात. मी त्यांच्यासमोर पुढच्या रांगेत वर्षानुवर्षं बसत आले, वर्तमानपत्राला परीक्षणं लिहायला. आमच्याकडे परीक्षण लिहायची एक रीत आहे. गायकाचं लिहायचं, तबला, पेटी, मागं तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्यांचीही नावं द्यायची, आभार कुणी मानले तेही लिहायचं, आणि शेवटी एक ओळ: ध्वनिव्यवस्था चोख होती. त्या ओळीत माणसाचं नाव घालायची रीत नाही.

तुझ्याकडे काम करणारा बसू चहा घेऊन आला. तुझ्यामाझ्या वयाचा असेल. मला बघून जरा बिचकला आणि कन्नडमध्ये म्हणाला, "तुम्हीच ना 'कर्कश' लिहिणाऱ्या मॅडम?"

"कधी?"

"झाली वर्षं. तुम्ही लिहिलं होतं, ध्वनिव्यवस्था कर्कश होती. मालक आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. मग सगळे बॉक्स उघडून बसले. पुढच्या कार्यक्रमाला तुम्ही 'चोख' लिहिलं, तेव्हा सगळ्यांना मिरची-भजी खाऊ घातली."

"ते कार्यक्रमाला यायचे?"

"दुपारी यायचे. सगळं लावायचे, मागच्या रांगेत जाऊन बसायचे, ऐकायचे, मग मला मिक्सरवर बसवून घरी जायचे. तुम्ही येणार असलात की चार वाजायच्या आतच पळायचे. आम्ही चिडवायचो, मालक, बाईंना एवढं भिता?"

म्हणजे माझ्याशी तुझं बोलणं चालू होतं. मी लिहायची, तू वाचायचास, बॉक्स उघडायचास, मी परत लिहायची. फक्त मला ते माहीत नव्हतं. असल्या बोलण्याला काय म्हणायचं ते तू सांग. मी तर याला चोरून ऐकणं म्हणते.

आता अक्काचं. तू नाहीसा झालास तेव्हा मी चौकशीला तिच्याकडे रायापूरला गेले होते. तिलाही तेव्हा काही माहीत नव्हतं. दोघी रडलो, तिनं मला भाकरी वाढली, आणि तेव्हापासून शीगी पौर्णिमेला मी तुमच्या शेतात जाते. बांधावर नैवेद्य शिंपडायचा, तिथंच बसून जेवायचं, आणि जेवताना मी विचारायची, "अक्का, काही कळलं?" ती म्हणायची, "न्हाई गे." पहिली काही वर्षं ते खरं होतं. मग तू परत आलास, आणि आल्या आल्या तिला तुमच्या यल्लम्माचा भंडारा उचलायला लावलास. अनूला सांगणार नाही, म्हण. हळद हातात घेऊन तिनं म्हटलं. तुमच्या घरात भंडारा उचलून दिलेला शब्द, तो मागणारा सोडवील तेव्हा किंवा मरेल तेव्हाच सुटतो. तू सोडवला नाहीस.

ती तरी बिचारी काय काय करत होती! सांगायचं नाही, पण पाठवायला काय हरकत आहे, असं तिनं आपल्या मनाशी ठरवलं असणार. दर वर्षी निघताना मला म्हणायची, "अनू, कांदे अमरगोळहून घेत जा गे. गेटासमोरच चांगले मिळतात. सकाळी जा, नव्हं तर मिळत न्हाईत." मी हो म्हणायची. दोन किलो कांद्यांसाठी कोण एवढ्या लांब जातं, असं मनात म्हणून धारवाडच्या बाजारातून घ्यायची. पुढच्या वर्षी ती विचारायची, "गेलतीस काय?" एकदा तर चिडून म्हणाली, "तुला कांद्याचं एवढं साधं काम जमत न्हाई, अन् जगभर कुणाकुणाला हुडकायलीस!" मला वाटलं, बाईचं वय झालं.

या बाईला तू असं सडवलंस. माझं बाजूला ठेव. मी नोकरी केली, घर केलं, फिरले, लिहिलं. तिनं मात्र तोंडात घास घेऊन माझ्यासमोर खोटं बोलायचं आणि परत तुझ्याकडे येऊन तुला भाकरी वाढायची. आणि शेवटी मोकळं व्हायला तिला सख्ख्या भावाच्या मरणाची वाट बघायला लावलीस. "मोकळी झालो" असं ती फोनवर म्हणाली, ते आठवून तिला आता शरम वाटते. शरम तुला वाटायला हवी.

तरी तुझं संपलेलं नव्हतं. तुझ्या किडन्या गेल्या, महिनोन्महिने हुबळीच्या दवाखान्यात सुया टोचून घेत पडलास. फोन उशाशी होता. माझा नंबर माझ्या प्रत्येक लेखाखाली छापलेला असतो. त्या सगळ्या दिवसांत तुला सुचलं ते काय? तर अक्काला सांगून ठेवलंस: मी गेलो की अनूला बोलव, पण आधी तिला भंडारा उचलायला लाव. काही लिहिणार नाही, म्हणू दे. मग सांग.

बाहेर तिरडी बांधून तयार होती. भाऊबंद सावलीला उभे होते. अक्कानं पितळेची डबी काढली आणि झाकण उघडून माझ्यासमोर धरली.

"उचल गे. त्याचं शेवटचं मागणं हाय."

"नाही अक्का."

"मेलेल्याला न्हाई म्हणू नये."

"जिवंत असताना मागायचं होतं. मी इथंच होते. सप्तापूरला."

"दोन बोटं लाव नुस्ती."

"दोन बोटांनी दिलेला शब्दही शब्दच असतो. मी खोटा देणार नाही, आणि खरा देता येत नाही."

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "अक्का, ऊन चढायलंय, उचलू काय?" तिनं डबी बंद केली. माझ्याकडे पाहिलं नाही. तुला नेलं तेव्हा ती एका बाजूला उभी होती आणि मी दुसऱ्या बाजूला, मध्ये तुझे स्पीकर. इतक्या वर्षांत आम्ही दोघी एकमेकींवर कधी रुसलो नव्हतो. तेवढंही तू करून गेलास.

नंतरचे दिवस मी कामं केली. कपाटं आवरली, वीजबिल भरलं, तुझ्यावर जमवलेल्या सगळ्या फायली काढून बैठकीच्या खोलीत रांगेत लावल्या आणि त्यांच्यावरून उड्या मारत फिरले. लिहायचं तर होतंच. पण अक्काच्या तोंडावर दार आपटून लिहायचं की तिला सांगून, एवढंच ठरत नव्हतं. शेवटी उठले आणि रायापूरला गेले.

ती तांदूळ निवडत होती. मी सुपाच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि खडे काढायला लागले.

"तो का गेला, अक्का? एवढंच सांगा. ते लिहू नको म्हणालात तर लिहिणार नाही."

तिनं सूप खाली ठेवलं. "मी इचारलं होतं. म्हणाला, बेंगळूरला गाडीतनं उतरलो अन् वाटलं, आता सगळी माझ्याकडं बघत बसणार. मला लोकांनी बघितलेलं सोसत न्हाई अक्का. म्हणून मडगावची गाडी धरली."

"एवढंच?"

"एवढंच."

मी किती कारणं तयार ठेवली होती तुला माहीत आहे? दारू, कर्ज, दुसरी बाई, आजार, बँडमधलं भांडण, आपलं भांडण. प्रत्येक कारणाला माझ्याकडे उत्तर होतं, प्रत्येकासाठी माफी तयार होती. याला माझ्याकडे काहीच नव्हतं. लोकांनी बघितलेलं सोसत नाही! मग गिटार घेऊन स्टेजवर कशाला चढला होतास, म्हशी हाकायला?

"मग परत आल्यावर मला का नाही कळवलं?"

"तू लिहिलेलं वाचायचा की. म्हणायचा, हा कोण नागू हाय गे? ह्याला मी वळखत न्हाई. अनूनं त्याला एवढा मोठा करून ठेवलाय, आता मी असला पोट सुटलेला तिच्या दारात गेलो तर लोक म्हणतील, हाच काय तो?"

हे मला मान्य नाही. अक्काला तिथंच सांगितलं आणि तुलाही सांगते. तू आधी नाहीसा झालास, मी नंतर लिहिलं. हा क्रम उलटा करू नकोस. लोकांनी बघू नये असं तुला वाटलं, ते मी समजू शकते. पुष्कळांना वाटतं. स्टेज सोडायचं होतं तर सोडायचंस. गिटार विकायचीस, स्पीकर उचलायचेस, त्यात काय कमीपणा होता? मी तुझ्याशी लग्न केलं असतं आणि गंगा साऊंडची सगळी बुकिंगं सांभाळली असती, आणि तुला माहीत आहे की बसूपेक्षा बरी सांभाळली असती. पण तू मला त्या प्रेक्षकांत नेऊन बसवलंस. मी लोक नव्हते, नागू. तुझा डबा घेऊन प्लॅटफॉर्मवर उभी होते.

"तो गायचा कधी?" मी विचारलं.

"न्हाई. गुणगुणायचा पण न्हाई."

"घरातल्या भाषेत? शेतात, आंघोळ करताना?"

"न्हाई गे अनू. कशाला इचारायलीस? माईक लावताना 'हलो, हलो' म्हणायचा. तेवढंच."

म्हणजे आपलं भांडण मीच जिंकले, कारण दुसरी बाजू आलीच नाही. असलं जिंकणं कुणाला हवं होतं? तू चार वाईट गाणी करून माझ्या तोंडावर फेकली असतीस तर मी आनंदानं हरले असते.

अक्का उठली आणि देव्हाऱ्याकडे गेली. परत आली ती डबी घेऊन. मला वाटलं, पुन्हा तेच. मी हात मागं घेतले.

"अक्का, तुम्हाला हवंय का हे?" मी म्हणाले. "त्याचं राहू दे. तुम्हाला मी गप्प बसायला हवी आहे?"

ती उभ्याउभ्याच रडायला लागली. आणि मग जे बोलली, ते तू ऐकायला हवं होतंस. "मला काय कुणी इचारलं गे! यल्लम्मा आईनं इचारलं न्हाई, ह्यानं इचारलं न्हाई. दर सालाला तू बांधावर बसून इचारायचीस अन् माझ्या तोंडात घास फिरायचा. त्याला म्हणायचो, सोडव रे मला. म्हणायचा, बघू, बघू. मेल्या, बघू बघू करत मेलास की रे!" हे शेवटचं तुला होतं. भिंतीवर तुझा फोटो अजून लावलेला नव्हता, म्हणून ती छताकडे बघून ओरडली.

मग तिनं चिमूटभर भंडारा घेतला, माझ्या हातात न देता तो माझ्या कपाळाला लावला, जत्रेत लावतात तसा, आणि म्हणाली, "लिव. सगळं लिव. माझं खोटं बोललेलं पण लिव. अन् गोडाऊनचा पत्ता दे. ती त्याच्या गाण्याची पोरं यायची तर येऊ देत."

"कॅमेरे घेऊन येतील, अक्का."

"येऊ देत. फक्त लग्नसराईत नको म्हणावं, बसूला वेळ नसतोय."

तेव्हा पत्ता असा: अमरगोळ, मार्केट यार्डाचं गेट, समोर गंगा साऊंड. चिगरी बस जवळच थांबते. लग्नसराई सोडून या.

आता शिल्लक राहिलेलं चांगलं. जास्त नाही, पण आहे. तुझा आवाज या जगात फार थोडा उरला आहे आणि तो खरखरीत बुडालेला आहे. पण या गावात कित्येक थकलेल्या गायकांचा श्वास, तानपुऱ्याच्या शेवटच्या तारेसकट, मागच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचला, कारण दुपारी तू तिथं बसून कान देऊन गेला होतास. मी ते ऐकलं आहे आणि त्यावर माझं पोटही भरलं आहे. इथून पुढं परीक्षणात मी ध्वनिव्यवस्थेच्या ओळीत माणसाचं नाव घालणार आहे. संपादकांना तसं कळवलं आहे. पहिलं नाव बसूचं जाईल, कारण तुझं घालायची संधी तू मला दिली नाहीस.

हा मजकूर काल अक्काला वाचून दाखवला. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, तिची शाळा कन्नड होती. कांद्याचं आलं तिथं हसली. शेवटी म्हणाली, त्याला आवडणार न्हाई गे हे. मी म्हणाले, नाहीच आवडणार.

तुझं शेवटचं मागणं आम्ही दोघींनी मिळून मोडलं आहे, नागू. रागावला असशील तर ये. भांडायला ये.